पुढची पाच-सात वर्षं देशाची कशी दिसतात? सोलापुरातून विचारतोय

कन्ना चौक | २६ ऑक्टोबर २०२५, रात्री ९:४०

दिवाळी झाली, बोनस वाटून झाला, आज माग चालू केले. अर्धे कामगार अजून सुट्टीवर आहेत, म्हणून निवांत लिहायला बसलोय.

आमचे १६ माग आहेत, अक्कलकोट रोडला. टेरी टॉवेल. आजोबा हातमागावर बसायचे, वडिलांनी पॉवरलूम टाकले, मी नक्षी विणणारं जकार्ड घेतलं. थोरला मुलगा इचलकरंजीत टेक्स्टाइल इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. भाऊबीजेला जेवताना म्हणाला, "अप्पा, मी पुण्याला नोकरी बघत नाही. परत येतो. जुने माग काढून रॅपिअर टाकू." त्याच्या आईला आनंद झाला. मला झोप लागली नाही.

रॅपिअर म्हणजे धोट्याशिवाय चालणारा वेगवान माग, आणि तो घ्यायचा म्हणजे कर्ज. कर्ज सात वर्षांचं, तारण राहतं घर. म्हणून मला आता पुढच्या सात वर्षांचा देश समजून घ्यायचाय. टीव्हीवर एकजण म्हणतो भारत सगळ्यात वेगानं वाढतोय, दुसरा म्हणतो अमेरिकेनं ५० टक्के कर लावला, संपलं. इकडं सप्टेंबरात सीना नदीनं निम्मा जिल्हा पाण्यात घातला. दीड वर्षापूर्वी त्याच जिल्ह्यात टँकर फिरत होते. यातलं कशावर विश्वास ठेवून सही करायची?

आपापल्या धंद्यातलं, शेतातलं, नोकरीतलं जे दिसतंय ते सांगा. पक्ष कुठला चांगला हे नको.

सात रस्ता | २६ ऑक्टोबर, रात्री १०:०२

मालक, पोराला येऊ द्या! आता गावात विमान येतंय. जूनमध्ये गोव्याचं चालू झालं, याच महिन्यात मुंबईचं. सकाळी टॉवेलचं सँपल घेऊन जायचं, रात्री घरी कडक भाकरी.

आकडेमोड | २६ ऑक्टोबर, रात्री ११:१५

मी बँकेत ३४ वर्षं होतो, आता निवृत्त होऊन पुण्यात मुलीकडे असतो. कर्जाच्या फायली आयुष्यभर पाहिल्या, त्यामुळे कन्ना चौक यांचा प्रश्न मला अगदी समोर बसून विचारल्यासारखा वाटला.

देशाचे आकडे आधी सांगतो. एप्रिल ते जून या तिमाहीत देशाचं उत्पन्न ७.८ टक्क्यांनी वाढलं. नाणेनिधीनं या महिन्यात चालू वर्षासाठी ६.६ आणि पुढच्या वर्षासाठी ६.२ टक्के असा अंदाज दिलाय. रिझर्व्ह बँकेनं फेब्रुवारीपासून रेपो दर, म्हणजे ती बँकांना ज्या व्याजानं पैसे देते तो दर, साडेसहावरून साडेपाचावर आणला. सप्टेंबरची किरकोळ महागाई १.५४ टक्के, आठ वर्षांतली सर्वांत कमी. कर्ज घेणाऱ्याला यापेक्षा बरा काळ सहसा मिळत नाही, हे मी जबाबदारीनं लिहितोय.

पण महागाई कमी का झाली ते पाहा. भाजीपाला, डाळी यांचे भाव पडले. म्हणजे आपल्या बाजार समितीत कांदा घेऊन येणाऱ्याला जे मिळालं नाही, तेच दिल्लीच्या तक्त्यात 'महागाई आटोक्यात' म्हणून येतं. सोलापूरच्या बाजारपेठेत पैसा शेतकऱ्याच्या खिशातून येतो. देश सहा-साडेसहानं वाढेल, त्यात मला फारशी शंका नाही. ती वाढ आपल्या नवी पेठेत दिसेल का, याची मात्र आहे.

कन्ना चौक | २६ ऑक्टोबर, रात्री ११:३१

साहेब, तुम्ही फायलीत सगळ्यात आधी काय बघायचात?

आकडेमोड | २७ ऑक्टोबर, सकाळी ७:१०

गिऱ्हाईक किती आणि कुठले. एकाच गिऱ्हाइकावर चालणारा धंदा असेल तर ताळेबंद कितीही चांगला असो, मी पेन खाली ठेवायचो.

मस्कतचा सोलापूरकर | २७ ऑक्टोबर, दुपारी १:२०

इथं गेली १९ वर्षं टॉवेल, चादरी, नॅपकिन विकतोय. अमेरिकेच्या कराबद्दल लिहितो, कारण गावाकडनं रोज तेवढाच एक फोन येतो.

७ ऑगस्टला २५ टक्के लागले, २७ ऑगस्टला रशियन तेलाच्या नावानं आणखी २५. आधीची ड्यूटी वेगळी. भारतातल्या घरगुती कापडाचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक अमेरिकाच आहे. आणि टॉवेलमध्ये आपला खरा स्पर्धक पाकिस्तान. त्याच्यावर १९ टक्के. बांगलादेश, व्हिएतनामवर २०. टॉवेल हे असं कापड आहे की गिऱ्हाईक पाच-सात टक्क्यांसाठी देश बदलतं. तीस टक्क्यांचा फरक कुठलाच कारखानदार पोटात घालू शकत नाही.

आता तुम्ही म्हणाल, सोलापूरचा बराच माल आखातात, आफ्रिकेत आणि देशातच जातो, मग आम्हाला काय? तर अडचण अशी की गुजरातेतल्या मोठ्या गिरण्या, करूर, पानिपत यांचा अमेरिकेत न गेलेला माल कुठंतरी जाणारच. तो माझ्या दुकानात यायला लागलाय. परवा एकानं दाखवलेला टॉवेल ५०० जीएसएमचा (चौरस मीटरला ५०० ग्रॅम), मऊ, आणि भाव आपल्या ४०० जीएसएमच्या टॉवेलचा. मला सोलापूरचाच घ्यायचा होता. घेता आला नाही, याचं वाईट वाटलं म्हणून हे लिहितोय.

चांगली गोष्टही आहे. ब्रिटनशी करार २४ जुलैला सह्या होऊन झाला. तो लागू झाला की आपल्या कापडावर तिथं ड्यूटी शून्य. युरोपशी बोलणी चालू आहेत. अमेरिकेचा कर असाच सात वर्षं राहील असं मला वाटत नाही, पण तो उद्या जाईल असं धरून कोणी कर्ज काढू नये.

पाचवा दिवस | २७ ऑक्टोबर, दुपारी २:०५

आमच्याकडं आज पाचव्या दिवशी नळाला पाणी आलं. म्हणून एवढंच लिहिते, भरायला जायचंय. पुढच्या सात वर्षांत पाणी रोज येईल का, तेवढं कुणीतरी सांगा.

सीनाकाठ | २७ ऑक्टोबर, रात्री ८:५०

मी मोहोळ तालुक्यातली. साडेचार एकर, सीनेच्या काठाला. सप्टेंबरच्या चौथ्या आठवड्यात वर सीना-कोळेगाव, चांदणी, खासापुरी इथून पाणी सोडलं आणि वरती पाऊसही थांबेना. लांबोटीच्या पुलापाशी पुणे हायवे बंद पडला तो तुम्ही टीव्हीवर पाहिला असेल. आमच्याकडं पाणी रात्री आलं. म्हैस सोडली, सासूबाईंना खांद्यावर घेऊन नवऱ्यानं शाळेत नेलं. दोन दिवसांनी परत आलो तेव्हा तीन एकरातली माती नव्हती. पीक गेलं असं लोक म्हणतात, पीक जातं तसं नाही हे. माती गेली. खाली मुरूम दिसतोय, पाट्यावर हात फिरवल्यासारखा.

सरकारनं ७ ऑक्टोबरला ३१ हजार ६२८ कोटींचं पॅकेज सांगितलं. खरडून गेलेल्या जमिनीला हेक्टरी ४७ हजार रोख आणि मनरेगातून ३ लाख. पंचनामा झाला. पैसे येतील, काही आले. पण माती आणायची कुठून? तळ्यातला गाळ आणायचा म्हटलं तर ट्रॅक्टरवाला आधी डिझेलचे पैसे मागतो.

कन्ना चौक दादा, तुम्ही सात वर्षांचा विचार करताय. २०२४ च्या उन्हाळ्यात उजनी धरण उणे साठ टक्क्यांच्या आसपास गेलं होतं, आमच्या विहिरीत तळ दिसत होता. या वर्षी मे महिन्यातच पाऊस लागला. दोन हंगामांत दोन टोकं बघितली आम्ही. माझा भाऊ म्हणतो जमीन विक, चाकणला ये. मला अजून तसं वाटत नाही. पण मुलीला मी शेती शिकवणार नाही, हे मात्र ठरवलंय.

टेंभुर्णीकर | २७ ऑक्टोबर, रात्री ९:३०

ताई, वाचून गलबलून आलं. गाळासाठी आमच्या भागातले दोन ट्रॅक्टर पाठवू शकतो, डिझेल आमचं. व्यक्तिगत निरोप टाकलाय, बघा.

सीनाकाठ | २७ ऑक्टोबर, रात्री ९:४४

बघितला. दादा, काय बोलू. उद्या फोन करते.

नान्नजचा माळ | २८ ऑक्टोबर, सकाळी ६:३०

उजनीच्या टक्क्यांबद्दल थोडं, कारण बाहेरच्यांचा नेहमी गोंधळ होतो. धरणाची एकूण साठवण साधारण ११७ टीएमसी (अब्ज घनफूट). त्यातलं ६३ टीएमसीच्या वरचं मृतसाठ्यात, म्हणजे कालव्याच्या दाराखाली. टक्केवारी मोजतात ती वरच्या साडेत्रेपन्न टीएमसीची. म्हणून उणे साठ म्हणजे धरण कोरडं नसतं, पण आपण तळाशी साठलेलं खात असतो. आणि त्या तळाशी पुणे-पिंपरीचं सांडपाणी मुळा-मुठेतून, भीमेतून येऊन बसलेलं असतं. पाणी जितकं खाली जाईल तितकं ते हिरवं आणि वासाचं होतं.

मी वीस वर्षं पक्षी बघतोय. नान्नजचं माळढोक अभयारण्य १९७९ चं. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा माळढोकाचा नर गवतात उभा राहून मान फुगवताना पाहिला होता. आता एक पक्षी दिसला तरी वनखात्याच्या माणसांचा चेहरा फुलतो. माळ गेला, कारण माळाला आपण पडीक म्हणतो. पडीक दिसलं की कालवा न्यायचा, ऊस लावायचा. पाचशे-साडेपाचशे मिलिमीटर पावसाच्या जिल्ह्यात राज्यातले सगळ्यात जास्त साखर कारखाने उभे राहिले. देशाचं पर्यावरण पुढं कसं असेल असं कुणी विचारलं तर मी हाच जिल्हा दाखवीन.

टेंभुर्णीकर | २८ ऑक्टोबर, सकाळी ९:१५

नान्नजचा माळ, तुमचा आदर आहे पण ऊसवाल्याला गुन्हेगार करू नका. माझ्या वडिलांनी उजनीत गाव सोडलं. बुडित क्षेत्रातून उठून आलेल्यांपैकी आम्ही. पाणी आमच्या जमिनी घेऊन झालं, मग त्या पाण्यावर आम्ही ऊस लावला तर चूक?

ऊस का लावतो ते सांगतो. त्याला ठरलेला भाव आहे. या हंगामाची एफआरपी, म्हणजे कारखान्यानं उसाला द्यायचा किमान भाव, टनाला ३,५५० रुपये, साखरेच्या सव्वादहा टक्के उताऱ्याला. डाळिंब लावलं होतं सांगोल्याच्या पाहुण्यांचं बघून, तेल्या रोगानं खाल्लं. कांदा लावला, भावानं खाल्ला. ऊस पडला तरी उभा राहतो. आता १ नोव्हेंबरपासून गाळप सुरू होतंय. पण गेल्या हंगामाचे माझे पैसे एका कारखान्यानं अजून पुरते दिलेले नाहीत. साखरेचा किमान विक्री दर २०१९ पासून ३१ रुपयेच आहे, एफआरपी दरवर्षी वाढते. मधली पोकळी शेवटी आमच्याच बिलातून भरली जाते. त्यात यंदा टनामागं १५ रुपये पूरग्रस्तांसाठी आणि मुख्यमंत्री निधीसाठी. सीनाकाठ ताईंसाठी मी १५ काय दीडशे देईन, पण विचारून घ्या.

देशात पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळण्याचं उद्दिष्ट यंदा गाठलं. आता त्यात मक्याचा वाटा मोठा झालाय. पुढं ऊस कुठं जाणार, हा माझा प्रश्न आहे. म्हणून दोन एकर ठिबकवर आणलेत आणि एका एकरात केळी. सगळा ऊस एका दिवसात सुटत नाही.

नान्नजचा माळ | २८ ऑक्टोबर, सकाळी ९:५०

तुम्ही विस्थापित कुटुंबातले आहात हे माहीत नव्हतं. माझं लिहिणं सरसकट झालं, मान्य. ठिबकचं वाचून बरं वाटलं. भावाची खात्री ज्वारीला किंवा तुरीला उसासारखी मिळाली असती तर माळही वाचला असता, एवढं मात्र म्हणू द्या.

टेंभुर्णीकर | २८ ऑक्टोबर, सकाळी १०:०५

हे शंभर टक्के पटलं.

पद्मा अक्का | २८ ऑक्टोबर, दुपारी ३:४०

सगळे पुरुष माणसांचे हिशोब चाललेत, म्हणून माझं लिहिते. माझी आई ४१ वर्षं विड्या वळते. पूर्व भागात घरोघरी सूप मांडीवर घेऊन बसलेल्या बायका तुम्ही पाहिल्या असतील. हजार विड्या पूर्ण व्हायला सकाळ ते रात्र जाते, डोळे जातात, खोकला राहतो. मी नर्सिंग केलं ते त्याच पैशांवर.

२२ सप्टेंबरला जीएसटी बदलला. तेंदूपत्त्यावरचा १८ चा ५ झाला, विडीवरचा २८ चा १८ करायचं ठरलं. टीव्हीवर मोठी चर्चा झाली. आईच्या हजार विड्यांच्या मजुरीत एक रुपया वाढला नाही. आणि दवाखान्यात नोकरी करणारी मुलगी म्हणून मला विडी वाढावी असंही वाटत नाही. दोन्ही खरं आहे आणि दोन्ही मला एकाच घरात बघावं लागतं.

पण एक गोष्ट बदललेली मी डोळ्यांनी पाहिली. कुंभारीला रे नगर झालं. विडी कामगार, यंत्रमाग कामगार, कचरा वेचणाऱ्या अशा असंघटित कामगारांसाठी ३० हजार घरांची वसाहत. पहिली १५ हजार घरं जानेवारी २०२४ मध्ये दिली. माझ्या मावशीला मिळालं. ती पत्र्याच्या खोलीतून पक्क्या भिंतीत गेली, पहिल्या रात्री झोपलीच नाही, भिंतीला हात लावत बसली. आता तिची अडचण वेगळी आहे. तिथून कामाला शहरात यायचं तर भाडं किती, शाळा कुठं, दवाखाना कुठं. घर मिळतं तेव्हा गावाचं बाकी सगळंही मागून यायला हवं.

आणि लाडकी बहीणबद्दल इथं कुणी काही बोलायच्या आधी सांगते. आई त्या दीड हजारातून औषध घेते.

आकडेमोड | २८ ऑक्टोबर, सायंकाळी ६:२०

अक्का, तुमच्या आईंच्या औषधाबद्दल मी अवाक्षर काढणार नाही. राज्याच्या तिजोरीचं मात्र सांगायला हवं. या वर्षीच्या अर्थसंकल्पात त्या योजनेला ३६ हजार कोटी आहेत आणि राज्यावरचं कर्ज ९ लाख कोटींच्या पुढं जातंय. पैसा एकाच डब्यातून निघतो. कंत्राटदारांची बिलं थकली की रस्ता थांबतो, रस्ता थांबला की मजूर घरी बसतो. ई-केवायसी सक्तीची झालीय ती त्यातूनच.

पद्मा अक्का | २८ ऑक्टोबर, सायंकाळी ७:०५

काका, मग डब्यातून आधी काय काढायचं ते ठरवताना आईसारख्यांना शेवटी का बसवता? विडीवाल्या बाईला किमान वेतन पुरतं मिळालं तर तिला दीड हजारांची वाट बघायला लागणार नाही. तिची ई-केवायसी करायला मी दोनदा रजा टाकली, ओटीपी येत नव्हता.

आकडेमोड | २८ ऑक्टोबर, सायंकाळी ७:३०

मजुरीचा मुद्दा तुम्ही माझ्यापेक्षा नेमका मांडलात.

सात रस्ता | २८ ऑक्टोबर, रात्री ८:१०

जरा हलकं बोलू का? परवाच्या मुंबईच्या विमानात माझ्या शेजारच्या आजींच्या पिशवीत शेंगा चटणीचे अकरा पुडे होते. मी विचारलं, आजी एवढे? म्हणाल्या, "सुनेच्या ऑफिसात प्रत्येकाला एक. सोलापूरचं नाव राहायला पाहिजे बाळा." विमान उतरेपर्यंत आसपासच्या तीन जणांनी त्यांच्याकडून पत्ता लिहून घेतला. निर्यात म्हणजे हीच की!

मस्कतचा सोलापूरकर | २८ ऑक्टोबर, रात्री ८:२५

त्या आजींना मस्कतला पाठवा. इथं चटणी संपलीय.

संपादक | २८ ऑक्टोबर, रात्री ९:००

धागा चांगला चाललाय. निवडणुकांबद्दल आलेले चार प्रतिसाद काढलेत, कारण त्यात फक्त नेत्यांची नावं होती. विषयाला धरून लिहा.

विजापूर वेस | २९ ऑक्टोबर, सकाळी ११:००

नावं न घेता राजकारणाचं लिहितो, कारण ते टाळून पुढची सात वर्षं समजणार नाहीत.

आपल्या महापालिकेत मार्च २०२२ पासून नगरसेवक नाही. साडेतीन वर्षं प्रशासक. गल्लीतला दिवा बंद पडला तर कुणाच्या दारात जायचं, हे आमच्या भागातल्या बाया-बापड्यांना कळत नाही. सर्वोच्च न्यायालयानं ३१ जानेवारीपर्यंत निवडणुका उरका म्हणून सांगितलंय. झाल्या तर माझ्या मते कुठल्याही विमानापेक्षा ती मोठी गोष्ट.

देशाच्या पातळीवर जनगणना येतेय, २०२७ ची, जातींच्या नोंदीसह. शेवटची २०११ ला झाली. रेशनपासून निधीपर्यंत अजून तेच जुने डोके मोजून चालतं. नवी मोजणी झाली की मतदारसंघांची फेररचना, आरक्षणाचे वाद, सगळं एकामागून एक उभं राहील. मराठा-ओबीसी ताण आपण गावागावात पाहतोय. आमच्या मित्रांच्या कट्ट्यावर दोन वर्षांपूर्वी नसलेली शांतता आता असते, कुणी विषयच काढत नाही. मला त्याची भीती वाटते. पाऊसपाण्यापेक्षा जास्त.

पाचवा दिवस | २९ ऑक्टोबर, दुपारी १२:१५

माझ्या प्रश्नाला कुणीच उत्तर दिलं नाही.

जलवाहिनी | २९ ऑक्टोबर, रात्री १०:३०

ताई, मी देतो. पाणीपुरवठ्याच्या कामांवर ठेकेदाराकडे इंजिनिअर म्हणून राबलोय.

शहराला पाणी तीन ठिकाणांहून येतं. हिप्परग्याचा तलाव, तो १८७१ चा, तिथून थोडं. टाकळीहून भीमेतलं, ज्यासाठी उजनीतून नदीत पाणी सोडावं लागतं आणि त्यातलं बरंचसं वाटेतच जातं. आणि उजनीहून थेट जलवाहिनी. समांतर जलवाहिनी ११० किलोमीटरची, १७० दशलक्ष लिटर रोजच्या क्षमतेची. म्हणजे उजनी ते शहर हा प्रश्न बऱ्यापैकी सुटतोय.

पण टाक्या, शुद्धीकरण आणि गल्लीतल्या जुन्या पाइपांचं जाळं तेवढंच राहिलं तर दारातला नळ लगेच रोज होणार नाही. उंचवट्यावरच्या भागाला दाब मिळत नाही, सखल भागात गळती. मोठी पाइप टाकताना फोटो निघतात. गल्ली खणताना लोक शिव्या देतात, म्हणून ते काम कुणी अंगावर घेत नाही. माझा प्रामाणिक अंदाज विचाराल तर पाच दिवसांचे दोन दिवस व्हायला हरकत नाही. रोज व्हायला गल्ल्या खणाव्या लागतील, आणि नगरसेवक निवडून आला की त्याच्याकडं हेच एक काम मागा.

पाचवा दिवस | २९ ऑक्टोबर, रात्री १०:४१

दोन दिवसांनी आलं तरी मी सकाळी चारला उठणार नाही. धन्यवाद दादा.

साचेवाला | ३० ऑक्टोबर, रात्री ११:५०

मी कारखानदार नाही, जॉबर आहे, म्हणजे मागांची जोडणी-दुरुस्ती बघणारा. २२ वर्षं मागावर. रात्रपाळीच्या मधल्या वेळात वाचून काढलं सगळं.

रॅपिअर आला की चार मागांचं काम एक माणूस बघतो. मग आम्ही काय करायचं, असं विचारणार नाही, कारण आमची पोरंच मागावर यायला तयार नाहीत. माझा पोरगा हिंजवडीला डिलिव्हरी करतो. 'काय करलालास बे तिथं' म्हटलं तर म्हणतो, बाबा, इथं कापसाचा कण नाकात जात नाही. आज कारखानदाराला कामगार मिळत नाही हे खरं आहे, आणि मिळत नाही कारण बारा तास उभं राहून जे मिळतं त्यात घर चालत नाही हेही.

मे महिन्यात अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्याला पहाटे आग लागली. आठ माणसं गेली. मालकाचं कुटुंब, कामगाराचं कुटुंब, वर राहत होती. कापूस पेटला की काय होतं हे मागावरच्या माणसाला सांगायला नको. दुसऱ्या दिवशी सगळे म्हणाले आता बदलायला पाहिजे. आमच्या ओळीतल्या एका कारखान्यात अजून मागच्या दारासमोर सुताच्या गोण्याच आहेत.

मालक, तुमचा पोरगा शिकून येतोय ते चांगलं आहे. त्याला म्हणावं मशीनच्या आधी वायरिंग बघ आणि दुसरं दार मोकळं कर.

कन्ना चौक | ३१ ऑक्टोबर, सकाळी ८:०५

साचेवाले भाऊ, आज सकाळी कारखान्यात जाऊन आधी मागचं दार बघितलं. त्याच्यासमोर सुताचे सहा बीम उभे होते. हलवले. वायरमनला सोमवारी बोलावलंय.

विजापूर वेस | ३१ ऑक्टोबर, सकाळी ८:४०

काल रात्रीची बातमी, कर्जमाफीचा निर्णय ३० जूनपर्यंत करतो असं मुख्यमंत्र्यांनी सांगितलं. नागपूरच्या आंदोलनानंतर.

सीनाकाठ | ३१ ऑक्टोबर, सकाळी ९:१०

जूनपर्यंत सोसायटीचा हप्ता भरायचा की थांबायचं, हे कोण सांगणार? भरला तर माफीत बसत नाही, थांबलं तर नवं पीककर्ज मिळत नाही. मागच्या वेळी भरणारेच मागे राहिले. आमच्या सोसायटीत काल याच्यावरनंच दोन भाऊ भांडले.

मस्कतचा सोलापूरकर | ३१ ऑक्टोबर, रात्री ९:३०

मूळ प्रश्नावर येतो. कन्ना चौक साहेब, तुमच्या मुलाला एक काम सांगा. परीक्षा संपायच्या आधी सोलापूरच्या टॉवेलचा भौगोलिक मानांकनाचा दाखला वाचायला सांगा. चादर आणि टेरी टॉवेल दोन्हीला आहे, २००५ पासून. वीस वर्षं झाली. माझ्या दुकानात तुर्कीचा टॉवेल येतो तो 'डेनिझली' अशा गावाच्या नावानं विकतो. आपला येतो तो व्यापाऱ्याच्या नावानं, पानिपतचाही 'सोलापुरी' म्हणून विकला जातो. मऊपणात आणि भावात आपण गुजरातच्या गिरण्यांशी लढू शकणार नाही. लवकर सुकणारा, पातळ, जकार्डचा, रंग न जाणारा, गावाच्या नावाचा टॉवेल आपण देऊ शकतो. आखातात आणि आता ब्रिटनमध्ये त्याला जागा आहे. हजार-दोन हजार नगांची छोटी ऑर्डर मोठी गिरणी घेत नाही. ती मला हवी असते आणि सोलापुरात कुणी वेळेवर देत नाही.

आकडेमोड | १ नोव्हेंबर, सकाळी ७:४५

वरचा प्रतिसाद हीच माझ्या फायलीतली पहिली नोंद असती. माझा सल्ला: सगळे १६ माग एकदम काढू नका. चार काढा, दोन रॅपिअर घ्या, घराऐवजी मशीन आणि शेड तारण देता येईल का ते दोन बँकांत विचारा. व्याजदर खाली आहेत म्हणून कर्ज मोठं घ्यायचं नसतं. बदलत्या दराचं कर्ज असेल तर साडेपाचाचा रेपो पुन्हा साडेसहा होईल असं धरून हप्ता मांडा आणि तो निम्म्या उत्पादनात बसतो का बघा. एका पुराला, एका कराला आणि एका खराब हंगामाला पुरेल एवढी रक्कम बाजूला असू द्या. पुढच्या सात वर्षांत ही तिन्ही एकदा तरी येतील, हे धरूनच चाला.

नान्नजचा माळ | १ नोव्हेंबर, सकाळी ८:३०

शेडच्या छपरावर सौर पॅनल बसतील का तेही त्याच खेपेला बघा. ऊन आपल्याकडं बारा महिने आहे, उन्हाळ्यात ४३-४४ अंश. आणि डायिंगच्या पाण्याचं काय करायचं हे मुलाला आधीच ठरवायला सांगा. रंगाचं पाणी नाल्यात सोडायचे दिवस पुढं राहणार नाहीत, राहू नयेत.

कन्ना चौक | २ नोव्हेंबर, रात्री १०:२०

सगळ्यांचं दोनदा वाचलं. काल मुलाशी फोनवर दीड तास बोललो. एवढं आम्ही कधी बोललो नव्हतो.

ठरलं ते असं. घर तारण नाही. चार जुने माग विकायचे, दोन सेकंडहँड रॅपिअर. मुलगा जूनमध्ये येतो, पहिलं वर्ष मागावर आणि हिशोबावर, मशीनची पुढची खरेदी त्यानंतर. मस्कतकरांना त्यानं थेट निरोप केलाय. दीड हजार नॅपकिनचं सँपल डिसेंबरात पाठवतोय. साचेवाले भाऊ, तुम्हाला तो भेटायला येणार आहे. मी म्हटलं, जॉबरला विचारल्याशिवाय मशीन बघायला जायचं नाही.

देश कसा जाईल ते मला अजून कळलेलं नाही. पण हप्ता किती झेपेल ते कळलं.

सीनाकाठ ताई, गाळाचं काय झालं?

सीनाकाठ | ३ नोव्हेंबर, सकाळी ६:५०

टेंभुर्णीकर दादांचे ट्रॅक्टर शुक्रवारी आले. शनिवार-रविवार मिळून ४६ खेपा झाल्या, पाऊण एकर झाकलं. माती न गेलेल्या दीड एकराला वाफसा आलाय. उशीर झालाय पण आज पेरणीला पाभर धरतोय. एका एकरात मालदांडी ज्वारी, बाकी हरभरा. मुलगी शाळेत जायच्या आधी मूठ धरायला आलीय. मी नको म्हटलं नाही.